राबातले कागद

गोठ्याचा पेंढा पेटला होता आणि माझी लेक आत शिरली.

मी विहिरीवरून हंडा घेऊन येत होते. आधी छपरावर धूर दिसला, मग धुरात जाळ. लेक शेतातून धावत आली आणि वाकून गोठ्यात शिरली, कारण आत म्हैस बांधलेली होती. मी बाहेरून ओरडले, "गाठ सोडत बसू नको गो! काप, दावं काप!" पण तिच्या हातात काही नव्हतं. भ्यालेलं जनावर मागे ओढतं, आणि ओढलं की गाठ अजून आवळते. ती नखांनी गाठ सोडत बसली होती.

मी हंडा डोक्यावर पालथा केला, ओल्या लुगड्याने आत गेले. कोयता नेहमी दाराशी कुडाच्या भिंतीत खोचलेला असतो, तो उपसून दावं कापलं. म्हैस मला बाजूला टाकून समोरचा कारवीचा कूड फोडून बाहेर गेली. तेवढ्यात छपराचा पेटता पेंढा खाली आला तो लेकीच्या उजव्या हातावर. तरी ती आतल्या कोपऱ्याकडे वळली. तिथे रेडकू होतं. मी तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला ओढत बाहेर आणली. ती मला लाथा मारत होती. मारू दे म्हटलं.

हे दोन हजार सालानंतरचं आहे, किन्हवलीच्या अलीकडे आमचं गाव आहे तिथलं. आग का लागली ते आता सांगते. आग कागदाने लागली, आणि त्या कागदांवर कथलाचा हिशेब होता.

कथील म्हणजे कल्हईवाला भांड्याला लावतो तेच. मी चौथीपर्यंत शिकले, त्यापुढचं मला येत नाही, पण माझी लेक मुंबईला विद्यापीठात राहून डॉक्टर होत होती. औषधाची नव्हे, दुसरी. ती सुट्टीला आली की ओट्यावर बसून मला तिचं काम समजावायची. मला समजावं म्हणून नाही, तिला बोलायची सवय व्हावी म्हणून. मी तांदूळ निवडत असायचे, ती बोलत असायची.

ती सांगायची ते असं. प्रत्येक वस्तूच्या अगदी आत, दिसणार नाही एवढ्या बारीक जागी, दोन जातींचे दाणे दाटीने बसलेले असतात. एकाचं नाव प्रोटॉन, दुसऱ्याचं न्यूट्रॉन. नावं मला पाठ आहेत. दोन्ही जाती संख्येने सारख्या असल्या की ते घर निवांत. एक जात जास्त झाली की घरावर भार पडतो. तो भार किती, हे तिला काढायचं होतं. त्याला सममिती ऊर्जा म्हणतात. दाणे दाटीने बसले तर भार वेगळा, विरळ झाले तर वेगळा, आणि विरळ झाल्यावरचा भार कोणालाच नीट माहीत नव्हता.

"मग आत बघायचं कसं?" मी विचारलं.

"बघता येत नाय. फोडायचं."

"फोडायचं?"

"कथील कथलावर जोरात आपटायचं, आये. फुटून तुकडे उडतात. ते तुकडे यंत्रात धरायचे, मोजायचे. कुठल्या तुकड्यात कुठले दाणे किती, त्यावरनं फुटताना आत काय होतं ते ओळखायचं."

"घर फोडून घराची रीत कळते होय?"

"फुटल्याशिवाय कोण सांगतो?" ती म्हणाली. आमचं आणि थोरल्या दिराचं घर वेगळं झालं तेव्हाच मला कळलं होतं की त्या घरात कोण काय धरून बसलं होतं.

कथलातही दोन तऱ्हा असतात, असं ती सांगायची. दोन्हींत प्रोटॉन तेवढेच, पण भारी कथलात न्यूट्रॉन जास्त, हलक्यात कमी. भारी भारीवर आपटायचं, हलकं हलक्यावर, आणि दोन्हींचे तुकडे शेजारी ठेवून ताडून पाहायचे. जो फरक निघेल त्यातून तो भार कळतो. आपटणारं यंत्र परदेशात होतं. तिकडून आकडे यायचे, आणि ही कॉम्प्युटरवर तशीच टक्कर मांडून ते आकडे जुळवायची.

"आणि कळून उपयोग काय?"

"आकाशात मेलेले तारे आहेत, सगळे न्यूट्रॉनचे. ते किती लठ्ठ असतील ते यावरनं कळेल."

"जाऊबायपेक्षा लठ्ठ?"

ती हसली. माझी जाऊ, थोरल्या दिराची बायको, भिंतीपलीकडे राहते, तिने ते ऐकलंच असणार. ती दर वेळेला विचारायची, "काय गो, तुझी पोर बॉम्ब करते म्हणं?" मी सांगायचे, "हो जाऊबाय, पहिला तुमच्याच अंगणात."

त्या वर्षी उन्हाळ्यात लेक अवेळी घरी आली. आसनगावला उतरून, पुढे एसटीने. हातात मोठी पिशवी, ती कागदांनी भरलेली. कॉम्प्युटरचे लांबलचक जोडकागद, कडेला भोकांच्या पट्ट्या. जेवली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली.

तिने चार लोकांपुढे आपलं काम मांडलं होतं. मांडून झाल्यावर मागच्या बाकावरचे एक वयस्क शास्त्रज्ञ उठले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, तुम्ही मोजलेला तुकडा फुटला तेव्हा तेवढाच होता का?"

गोष्ट अशी होती. तुकडा फुटतो तेव्हा तापलेला असतो. यंत्रापर्यंत जाईपर्यंत तो निवतो, आणि निवताना अंगावरचे दाणे गाळतो. यंत्रात सापडतो तो गळून उरलेला. लेकीला हे माहीत होतं. पण दोन्ही कथलांचे तुकडे सारखेच गळत असतील, ताडून पाहताना तो फरक आपोआप निघून जाईल, असं तिने धरलं होतं. तसं धरणारे पुष्कळ होते. तिच्या सरांनीही तेच धरलं होतं. पण ते सारखे गळत नव्हते. भारी कथलाचे तुकडे जास्त गळत होते. म्हणजे तिने काढलेला भार खोटा होता, आणि त्याच्यावर उभं केलेलं सगळं खोटं होतं.

"म्हंजे परत करायचं," मी म्हटलं.

"पहिल्यापासनं करायचं. माझ्यानं नाय होणार. मी सोडून देते, आये. शाळेत नोकरी बघते."

मी तिच्यापुढे ताट सरकवलं. माणूस थकलं की असं बोलतं, आणि त्याच्याशी वाद घातला की ते बोलणं खरं होऊन बसतं. पण घरात हे होते. लेकीच्या बापाने ते ऐकलं, आणि त्यांना ते पटलं. माझं माहेर मुरबाडकडचं, तिथून भावाने एक स्थळ सुचवलं होतं, ते हे डोक्यात घोळवत होतेच.

आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात. तो राब. शेण पसरायचं, त्यावर झाडांच्या तोडलेल्या पाल्याचं कवळ, त्यावर सुका पातेरा आणि गवत, आणि सगळ्यावर माती. माती का, तर आग वर उडू नये, खाली जमिनीत बसावी. आणि पेटवायचं ते वारा जिकडे जातो त्या टोकाला. म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडाला हळूहळू सरकते, धावत नाही. घरातलं जे नको ते राबात जातं. झिजलेली केरसुणी, फाटकी चटई, केर. ते सगळं मातीखाली दाबायचं.

त्या सकाळी मी राब पेटवला होता आणि तो चांगला धुमसत होता. हे आटगावला कारखान्यात पहिल्या पाळीला गेले होते. लेक पिशवी घेऊन बांधावर आली.

"हे टाकू का गो?"

"रद्दीत दे की. कागद चांगला जाड आहे."

"नको. किन्हवलीच्या हाटेलात माझे चुकीचे आकडे भज्यांना गुंडाळून येतील आणि थोरली काकी ते वाचत बसंल."

"तिला वाचता कुठं येतं? टाक. पण खाली दाब, वर माती टाक."

मी हंडा घेऊन विहिरीकडे गेले. तिने दाबले नाहीत. तिने पिशवी उलटी केली, ती वारा येतो त्या टोकाला, जिथे आग अजून पोचायची होती, आणि खाली काडी लावली. ऊन चढलं होतं, वारा उठला होता. मुंबईच्या पोरीला राबात काही टाकायचं सुचलंच नसतं. आणि रोज शेतात असणाऱ्या पोरीने कागद वर ठेवला नसता. अर्धी इकडची आणि अर्धी तिकडची झालेली पोरच असली चूक करू शकते. जोडकागद एकमेकांना धरून होते, ते पेटत पेटत सापासारखे वर उठले आणि तुटून उडाले. एक गोठ्यावर बसला.

पुढचं वर सांगितलं.

लेकीला शहापूरला दवाखान्यात नेलं. कोपरापासून मनगटापर्यंत भाजली होती. मला भुवया नव्हत्या, एवढंच. संध्याकाळी हे आले, गोठ्याकडे बघितलं, लेकीच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "झालं आता शिक्षण. मुरबाडला निरोप धाडतो."

दुसऱ्या दिवशी जाऊ अर्धवट जळलेला एक कागद घेऊन आली. तो तिच्या वालाच्या मांडवावर सापडला होता. तिने तो चार बायांत नाचवला. "ही बघा गो शास्त्रीणबायची विद्या. गोठा खाल्लान, आता माझा मांडव खाणार."

"द्या इकडे," लेक म्हणाली. आणि मग ती उठली, एका हाताने, शेतात फिरून बाकीचे तुकडे गोळा करायला लागली. बायांना वाटलं पोरीचं डोकं फिरलं. ओट्यावर तिने ते मांडले. जवळ पडलेले मोठे होते, लांब पडलेले बोटभर, नुसती मधली अक्षरं उरलेली.

"बघ ना, आये. जो लांब गेला तो वाटेत जळत गेला. निघाला तेव्हा हा केवढा होता, हे याच्याकडे बघून सांगता येत नाय."

"कागद जळला की लहान होतो," मी म्हटलं. "त्यात बघायचं काय?"

"काय नाय," ती म्हणाली आणि हसू लागली. आगीनंतर पहिल्यांदा हसली.

हे ऐकून कोणी म्हणेल की तिला तिथे उत्तर सापडलं. नाही सापडलं. तिला हे आधीच माहीत होतं, त्या शास्त्रज्ञांनी सांगितलंच होतं. फक्त त्या दिवसापर्यंत ते आठवलं की तिला लाज वाटायची, आणि त्या दिवशी वाटली नाही. एवढाच फरक पडला. मला तो पुरेसा वाटला.

पण मुरबाडचे लोक आले. मुलगा मास्तर, बरोबर बाप आणि आत्या. हात बांधलेली मुलगी पाहून आत्या चपापली. "हाताला काय झालं?"

"भाजला," मी म्हटलं. "राबात कागद टाकले तिनं."

"एवढी शिकलेली, आणि राबात कागद?"

"शिकलेली नसती तर कागद आले असते कुठनं?"

बाप बरा माणूस होता. त्याने लेकीलाच विचारलं, "मुली, अजून किती वर्षं शिकायचंय?"

मला वाटलं ती म्हणेल, संपलं. हे तर तिच्याकडे डोळे लावून बसले होते. ती म्हणाली, "एक चूक झालीय. ती नीट होईपर्यंत."

"आणि नाय झाली नीट तर?"

"तर का नाय होत ते तरी कळेल."

त्यांनी चहा घेतला आणि ते गेले. निरोप आला नाही. मास्तराने जाताना मागे वळून पाहिलं होतं, पण नुसतं मागे वळून पाहणाऱ्याचं काय करायचं.

ते गेल्यावर हे भडकले. "आता ही घरातच ऱ्हाणार! हात असला, तोंड तसलं!"

"तोंड माझ्यावर गेलंय," मी म्हटलं. "आणि घरात नाय ऱ्हाणार. माझं ऐका. आग ज्याच्या हातनं लागली त्यानं गोठा उभा करायचा, ही तुमच्याच घराची रीत ना? तुमच्या बापानं थोरल्या दिराकडनं करून घेतलं होतं, तो बिडी टाकून झोपला तेव्हा. हिच्याकडनंही करून घ्या. गोठा झाला की ती सुटली. मग ती मुंबईला जाईल, नायतर मुरबाडला जाईल. तिचं ती बघंल."

यांना हे पटलं. रीत म्हटलं की ते गप्प बसतात. शिवाय त्यांना वाटलं, कुडाला शेण लावता लावता पोरीचं मन घराकडे वळेल. मला तसं वाटत नव्हतं, पण ते मी कशाला सांगू?

सावडीने माणसं आली. आपण त्यांच्या भातलावणीला जायचं, ते आपल्या गोठ्याला येतात. रानातून कुडाला कारवीच्या काठ्या आणल्या, मेढी रोवल्या. छपराला पेंढा नको, कौलं घाला, असं लेकीने सांगितलं आणि पहिल्यांदा बापाने तिचं काही ऐकलं. लेक डाव्या हाताने कूड सारवायची. माझ्याशेजारी बसून, शेणमातीचा गोळा थापत, ती तेच बोलायची.

"उलटं जाता येत नाय, आये. गळलेल्या तुकड्यावरनं मूळचा बनवता येत नाय. पण मूळचा कसा असंल ते मनानं धरता येतं. मग तो कॉम्प्युटरवर तापवायचा, गाळायचा, निववायचा. आणि शेवटी जो उरंल तो यंत्रातल्या तुकड्याशी जुळतो का बघायचा."

"आणि नाय जुळला?"

"दुसरा धरायचा."

"असं किती वेळा?"

"जुळंल तवर."

"मग इथं काय करतेस? त्या कोपऱ्यात अजून दोन हात लाव आणि जा."

पलीकडून जाऊ म्हणाली, "बोलतात बघा मायलेकी, जशी काय पापडाची गोष्ट." पण ती स्वतः सावडीला आली होती आणि तिने सारवलेली भिंत आमच्यापेक्षा साफ होती. हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही, अजूनही सांगणार नाही.

पावसाच्या आत गोठा उभा राहिला. लेक निघाली तेव्हा तिची पिशवी बापाने उचलली आणि एसटीपर्यंत नेली. गाडी आल्यावर म्हणाले, "हाताला तेल लावत जा." आमच्या घरात याला परवानगी म्हणतात.

पुढे तिने ते काम केलं. लगेच झालं नाही. फोनवर मी विचारायचे, "जुळलं काय गो?" ती म्हणायची, "नाय अजून." मग एकदा म्हणाली, "जुळतंय." आवाजावरूनच कळलं. भार जो आधी काढला होता तो नव्हता, दुसराच निघाला. किती, ते तिने सांगितलं होतं, पण तो आकडा मला सांगून उपयोग नव्हता आणि तुम्हालाही नाही. तिला मात्र तो शपथेवर सांगता येत होता.

शेवटच्या परीक्षेला ती आम्हा दोघांना घेऊन गेली. मोठी खोली, पंखे, मागे समोसे. सगळं इंग्रजीत चाललं होतं, मला फक्त कथलाची चित्रं ओळखता आली. तेच वयस्क शास्त्रज्ञ पुढे बसले होते. त्यांनी काहीतरी विचारलं आणि सगळे हसले. लेकही हसली, बाही वर सरली तरी तिने ती खाली ओढली नाही, आणि भिंतीवर पुढचं चित्र दाखवलं. चहाच्या वेळी मी विचारलं, "काय बोलला गो तो म्हातारा?"

"तेच. तुकडा फुटला तेव्हा तेवढाच होता का."

"आणि तू?"

"नाय म्हटलं. केवढा होता ते दाखवते म्हटलं."

ह्यांनी दोन समोसे खाल्ले आणि तिसरा खिशात घातला. थोरल्या वहिनीला, म्हणाले.

आता तिचं घर दूर आहे, काम तेच आहे. मास्तराशी नाही, दुसऱ्याच माणसाशी तिने लग्न केलं, तो बरा आहे, बोलतो कमी. राब भाजायच्या वेळेला जमेल तेव्हा ती येते. माती स्वतः घालते, वाऱ्याकडे बघते आणि वारा जातो त्या टोकाला काडी लावते. जाऊ बांधावर उभी राहून विचारते, "शास्त्रीणबाय, आज काय आणलंत जाळायला?" लेक सांगते, "आज काय नाय. या वर्षी सगळं जुळलंय."

त्या दिवशी जळत्या गोठ्यात आम्ही चौघी होतो असं म्हणायला हवं, कारण रेडकूही मादीच होतं. लेक जगली. मी जगले. म्हैस जगली आणि पुढे तिने बरीच वर्षं दूध दिलं. रेडकू मेलं.